जाळीखालचे भोवरे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात सूर्यावरील डागांच्या चक्राविषयीच्या लेखात एक वाक्य होते : ‘संगणकाच्या जाळीत न मावणाऱ्या लहान भोवऱ्यांचा परिणाम प्रतिमानाने (मॉडेलने) धरावा लागतो.’ त्या एका वाक्यावर जितकी पत्रे आली, तितकी उरलेल्या लेखावर आली नाहीत. वाचकांनी नेमक्या अवघड जागी बोट ठेवले आहे, म्हणून या वेळचे सदर आम्ही त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न (साताऱ्यातील एक शिक्षिका) : लहान भोवरे मावत नसतील तर जाळी अधिक बारीक का करत नाहीत? संगणक दरवर्षी वेगवान होत असताना हा अडसर किती दिवस राहणार?

उत्तर : प्रवाह संगणकात मांडताना आपण त्या जागेवर एक जाळी कल्पितो आणि तिच्या प्रत्येक घरात वेग, दाब, तापमान व चुंबकीय क्षेत्र यांचे एकेक मूल्य ठेवतो. घराच्या आकाराहून लहान अशी कोणतीही हालचाल या नोंदीत येऊ शकत नाही. शांत, संथ प्रवाहात त्याने फारसे बिघडत नाही, पण प्रक्षुब्ध, म्हणजे भोवऱ्यांनी खवळलेल्या, प्रवाहाची गोष्ट वेगळी आहे. जुन्या स्वयंपाकघरातील मडक्यांची उतरंड आठवा : तळाशी रांजण, त्यावर घागर, त्यावर मडके, आणि अगदी वर एवढेसे बोळके. प्रक्षुब्ध प्रवाहातील ऊर्जा अशाच उतरंडीने मोठ्या भोवऱ्यांतून लहान भोवऱ्यांत, त्यांतून आणखी लहान भोवऱ्यांत जाते आणि अखेर सर्वांत लहान भोवऱ्यांत द्रायूच्या श्यानतेमुळे (चिकटपणामुळे) तिची उष्णता होते. (द्रव आणि वायू या दोहोंसाठी मराठीत ‘द्रायू’ हा सुटसुटीत शब्द आहे, तोच येथे वापरतो.)

या उतरंडीचे गणित रशियन गणितज्ञ आंद्रेय कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये मांडले. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान भोवरा यांच्या आकारांचे गुणोत्तर हे रेनल्ड्स अंकाच्या पाऊण घाताइतके असते, असे त्यातून निघते. प्रवाहातील जडत्वाचा परिणाम श्यानतेच्या परिणामाच्या किती पट आहे, हे रेनल्ड्स अंक सांगतो. जागेला तीन मिती असल्याने जाळीतील घरांची संख्या त्या अंकाच्या सव्वादोन घाताप्रमाणे वाढते. आता सूर्याकडे पाहू. त्याच्या बाहेरील सुमारे दोन लाख किलोमीटर जाडीच्या थरात तप्त वायू उकळल्यासारखा वरखाली होत असतो आणि तेथील रेनल्ड्स अंक ढोबळमानाने १०चा बारावा घात किंवा त्याहून अधिक धरला जातो. म्हणजे घरे लागतील १०च्या सत्ताविसाव्या घाताइतकी. तुलनेसाठी पाहा : २००२ साली जपानच्या ‘अर्थ सिम्युलेटर’ या महासंगणकावर प्रक्षुब्ध प्रवाहाचे जे गाजलेले सिम्युलेशन झाले, त्यात एका बाजूला ४०९६ घरे होती, म्हणजे एकूण सुमारे ६,९०० कोटी. हा आकडा १०च्या अकराव्या घातापर्यंतही पोहोचत नाही.

शिवाय जाळी दुप्पट बारीक केली की घरे आठपट होतात आणि काळाचे पाऊलही निम्मे करावे लागते, म्हणून काम सोळापट वाढते. सोळापट शक्तिमान संगणक मिळाल्यावर आपण उतरंडीची जेमतेम एक पायरी अधिक उतरतो. म्हणून लहान भोवरे दिसत नाहीत ही गोष्ट मान्य करून, ते दिसणाऱ्या मोठ्या प्रवाहावर काय परिणाम घडवतात तेवढे मात्र नीट हिशेबात घ्यायचे, हा मार्ग उरतो. आमच्या मते ही तात्पुरती तडजोड नसून या शास्त्राचा स्थायी भाग आहे.

प्रश्न (नागपूर येथील यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी) : आमच्या प्रकल्पात पंख्याभोवतीच्या हवेसाठी आम्ही स्मॅगोरिन्स्की प्रतिमान वापरले आणि उत्तरे प्रयोगाशी चांगली जुळली. लहान भोवरे शेवटी ऊर्जा गिळतात एवढेच असेल, तर थोडी श्यानता वाढवून दिली की काम झाले. चुंबकीय द्रायूसाठी हेच का चालत नाही?

उत्तर : हा या सदरातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून त्याला जागाही अधिक देतो.

प्रथम तुमच्या प्रतिमानाविषयी. जोसेफ स्मॅगोरिन्स्की हे अमेरिकेतील हवामानशास्त्रज्ञ. वातावरणाच्या अभिसरणाचे गणित संगणकावर करताना १९६३ मध्ये त्यांनी हे सूत्र मांडले. जाळीच्या घराची लांबी एका स्थिरांकाने गुणायची, तिचा वर्ग करायचा आणि त्याला तेथील प्रवाहाच्या ताणाच्या दराने गुणायचे, की त्या घरापुरती कृत्रिम श्यानता मिळते. डग्लस लिली यांनी कोल्मोगोरोव्हच्या नियमावरून या स्थिरांकाची किंमत सुमारे ०.१७ काढली, तर भिंतींमधील प्रवाहाला ०.१ च्या आसपासची किंमत अधिक मानवते, असे जेम्स डिअरडॉर्फ यांच्या १९७०च्या कामात दिसले. एकच ‘स्थिरांक’ दोन ठिकाणी दोन किमती मागतो, हे लक्षात असू द्या. पुढे त्याचा संबंध येईल.

हे सूत्र का चालते? साध्या हवेत किंवा पाण्यात सरासरीने पाहता ऊर्जा उतरंडीवरून एकाच दिशेने, मोठ्याकडून लहानाकडे जाते. म्हणून जाळीच्या घराच्या मापावर ऊर्जेसाठी एक निचरा ठेवला तर बहुतेक हिशेब जुळतो. आता त्याच द्रायूतून वीज वाहू शकते आणि त्यात चुंबकीय क्षेत्र आहे असे समजा. तारे, आंतरतारकीय वायू, पृथ्वीच्या गाभ्यातील वितळलेले लोखंड, अणुभट्टीतील द्रव सोडिअम, हे सर्व या वर्गातले. हान्नेस आल्फ्वेन यांनी १९४२ मध्ये दाखवले, की अशा द्रायूत क्षेत्ररेषा ताणलेल्या तारांसारख्या वागतात आणि त्यांच्यावरून लहरी धावतात; या विषयातील कार्यासाठी त्यांना १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘निचरा’ हे चित्र येथे तीन-चार ठिकाणी फाटते.

पहिली अडचण गणिताची. समीकरणे जाळीच्या आकाराने चाळून घेतली, की गुणाकारांची सरासरी आणि सरासरींचा गुणाकार यांत फरक उरतो. उणे ३ आणि अधिक ३ या दोन वेगांची सरासरी शून्य, पण त्यांच्या वर्गांची सरासरी ९. हा ९ म्हणजेच न दिसणाऱ्या भोवऱ्यांचा दिसणारा परिणाम. साध्या द्रायूत असा एकच फरक हाताळावा लागतो, तो वेगाच्या स्वतःशी झालेल्या गुणाकाराचा. चुंबकीय द्रायूत वेगाचा वेगाशी, क्षेत्राचा क्षेत्राशी आणि वेगाचा क्षेत्राशी, असे तिन्ही गुणाकार येतात. पहिल्या दोहोंमधून प्रवाहावर येणारे जाळीखालचे प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरील बल) निघते, आणि तिसऱ्यामधून निघते ते जाळीखालचे विद्युत्गामक बल (वीज वाहवणारा जोर), जे थेट मोठ्या क्षेत्राच्या वाढीत शिरते. वाढीव श्यानता फक्त पहिल्याची सोय लावते.

दुसरी अडचण दिशेची. प्रबळ क्षेत्रात भोवरे सर्व बाजूंनी सारखे राहत नाहीत. क्षेत्राच्या आडव्या दिशेने ते सहज चिरफाळतात, पण क्षेत्राच्या दिशेने लांबट राहतात. पीटर गोल्डराइश आणि श्रीधर यांनी १९९५ मध्ये या विषमतेचे नीटस गणित मांडले. सगळीकडे सारखीच श्यानता लावणारे सूत्र या लांबट धाग्यांना दोन्ही बाजूंनी एकाच मापाने घासते.

तिसरी अडचण मला स्वतःला सर्वांत बोलकी वाटते. आल्फ्वेन लहरी क्षेत्ररेषेवरून दोन्ही दिशांनी धावतात आणि उतरंड चालू राहण्यासाठी समोरासमोरून येणाऱ्या लहरींची गाठ पडावी लागते. सर्व लहरी एकाच दिशेने जात असतील, म्हणजे वेग आणि योग्य एककांत मोजलेले क्षेत्र सर्वत्र एकमेकांइतके असतील, तर असंपीड्य (दाबून आकुंचन न पावणाऱ्या) द्रायूत ऊर्जेची उतरंड पूर्णपणे थांबते. सूर्याकडून बाहेर वाहणाऱ्या सौरवाऱ्यात याच्या जवळची स्थिती खरोखर आढळते, कारण सूर्याजवळ बाहेर जाणाऱ्या लहरींचे प्रमाण फार मोठे असते. अशा वेळी स्मॅगोरिन्स्कीचे सूत्र काय करते? प्रवाहात ताण आहे एवढेच ते पाहते आणि जेथे निसर्गात कोणतीही गळती नाही तेथेही ऊर्जा काढत राहते. उत्तर थोडे इकडेतिकडे होणे ही एक गोष्ट आणि शून्य असायला हवे तेथे मोठा आकडा येणे ही दुसरी. ही चूक दुसऱ्या जातीची आहे.

चौथी अडचण म्हणजे उलटा ओघ. चुंबकीय क्षेत्ररेषांना मळसूत्री पीळ असतो आणि त्या पिळाचे एक माप असते, त्याला चुंबकीय सर्पिलता म्हणतात. उत्तम विद्युत्वाहक द्रायूत ऊर्जा झिजते त्या मानाने हा पीळ फारच सावकाश झिजतो. फ्रान्समधील आनिक पुके, उरिएल फ्रिश आणि त्यांचे सहकारी यांनी १९७५-७६ च्या सुमारास दाखवले, की हा पीळ उतरंडीवरून खाली न जाता लहानाकडून मोठ्याकडे जातो. म्हणजे जाळीखालून वर, दिसणाऱ्या जगात, चुंबकीय क्षेत्र येत असते. सूर्याचे मोठ्या प्रमाणावरील क्षेत्र टिकून राहण्यामागे पिळदार लहान प्रवाहांचा हात आहे, ही कल्पना यूजीन पार्कर यांनी १९५५ मध्ये आणि जर्मनीतील स्टीनबेक, क्राउझे व रेडलर यांनी १९६६ मध्ये मांडली होती. उलट, लहान मापावर साठलेला पीळ त्याच यंत्रणेचा गळा कसा आवळतो आणि तो पीळ बाहेर टाकला गेला तर ती पुन्हा कशी चालते, याचा सविस्तर विचार ॲक्सेल ब्रँडनबर्ग आणि पुण्याच्या आयुकातील कंदस्वामी सुब्रमण्यन यांच्या २००५ च्या प्रदीर्घ आढाव्यात आहे. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात बसून झालेले हे काम या क्षेत्रातील अभ्यासक जगभर वाचतात, हे येथे नोंदवताना मला आनंद होतो.

श्यानता ही केवळ घेणारी आहे, देणारी नाही. जेथे न दिसणारे भोवरे घेतातही आणि देतातही, तेथे नुसता निचरा ठेवणारे प्रतिमान डायनामोचा, म्हणजे द्रायूच्या हालचालीतून चुंबकीय क्षेत्र निर्माण करून टिकवणाऱ्या यंत्रणेचा, एक आवश्यक भागच पुसून टाकते. म्हणून पंख्यासाठी योग्य ठरलेले तुमचे सूत्र ताऱ्यासाठी तसेच नेऊ नये.

प्रश्न (पुण्यातील एक संशोधक विद्यार्थिनी) : मग पर्यायी प्रतिमाने कोणती, आणि न दिसणाऱ्या गोष्टीचे प्रतिमान बरोबर आहे हे तपासायचे कशाच्या आधारे?

उत्तर : पर्यायांचा मोठा भाग एका सुंदर कल्पनेवर उभा आहे. स्थिरांक आधीच ठरवण्याऐवजी तो प्रवाहालाच विचारावा, असे इटलीचे मास्सिमो जेर्मानो आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये सुचवले. सिम्युलेशनमध्ये दिसणारा प्रवाह आणखी जाड चाळणीतून चाळायचा. दोन चाळण्यांच्या मधले भोवरे आपल्याला प्रत्यक्ष दिसत असतात, तेव्हा त्यांचा परिणाम सूत्राशी ताडून स्थिरांक जागोजागी आणि क्षणोक्षणी काढता येतो. वर ०.१७ आणि ०.१ असा जो तिढा दिसला, तो यामुळे बराच सुटतो. वोल्फ-क्रिस्टिआन म्युलर आणि डानिएले काराती यांनी २००२ मध्ये ही पद्धत चुंबकीय द्रायूसाठी वापरली आणि कृत्रिम श्यानता व कृत्रिम चुंबकीय विसरण (क्षेत्राचे पसरून विरणे) ही दोन्ही, वेग आणि क्षेत्र यांच्यातील स्थानिक देवाणघेवाणीशी जोडून पाहिली. दुसरा वर्ग आहे प्रवणता-प्रतिमानांचा. त्यांत शेजारच्या घरांमधील फरकांवरून जाळीखालचे प्रतिबल थेट टेलर श्रेणीने काढतात, त्यामुळे उलटा ओघही आपोआप येतो. मात्र त्यांचा निचरा अपुरा पडतो आणि कधीकधी गणित उधळते, म्हणून त्यांना थोड्या श्यानतेची जोड द्यावी लागते.

तपासणी दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात अतिशय बारीक जाळीचे पूर्ण सिम्युलेशन घेऊन ते चाळतात आणि खरे जाळीखालचे प्रतिबल सूत्राच्या उत्तराशी बिंदूबिंदूवर ताडून पाहतात. दुसऱ्या प्रकारात प्रतिमान बसवून जाड जाळीवर प्रत्यक्ष सिम्युलेशन चालवतात आणि ऊर्जेचा आलेख (कोणत्या मापाच्या भोवऱ्यांत किती ऊर्जा), क्षेत्राची वाढ, पिळाचा हिशेब हे सर्व बारीक जाळीच्या उत्तराशी जुळते का ते पाहतात. या दोन परीक्षांचे निकाल अनेकदा परस्परविरुद्ध येतात. कृत्रिम श्यानता पहिल्या परीक्षेत वाईट नापास होते, तरी दुसरीत बऱ्यापैकी तरते. प्रवणता-प्रतिमान पहिलीत उत्तम गुण मिळवते आणि एकटे असेल तर दुसरीत कोलमडू शकते. तुम्हाला प्रबंधात एकच परीक्षा घेण्याइतका वेळ असेल तर दुसरी घ्या, पण केवळ ऊर्जेच्या आलेखावर थांबू नका. गतिज आणि चुंबकीय ऊर्जेमधील उलाढाल स्वतंत्रपणे मोजा. ती मापांगणिक कशी मोजावी याची पद्धतशीर मांडणी आयआयटी कानपूरचे महेंद्र वर्मा यांच्या २००४ च्या आढाव्यात मिळेल. आलेख जुळलेला आणि उलाढाल उलट दिशेने चाललेली, असे होऊ शकते.

प्रश्न (मडगावचे एक निवृत्त अभियंता) : काही शास्त्रज्ञ कोणतेही प्रतिमान न लावता सिम्युलेशन करतात असे वाचले. ते योग्य आहे का?

उत्तर : प्रतिमान न लावणे ही गोष्ट प्रत्यक्षात संभवतच नाही. संगणकीय पद्धत कोणतीही असो, जाळीच्या घराजवळच्या मापावर ती स्वतःच काहीतरी करते : काही पद्धती तेथे ऊर्जा पुसतात, काही ती साठवून गणित बिघडवतात. पहिल्या प्रकारच्या पद्धतीवरच मुद्दाम विसंबणे हा एक मान्य मार्ग आहे. मिहाई गिझारू, पॉल शार्बोनो आणि पियोत्र स्मोलार्कीविच यांनी २०१० मध्ये याच मार्गाने सूर्याच्या बाह्य थराचे सिम्युलेशन केले आणि त्यात मोठ्या क्षेत्राचे ध्रुव काही दशकांच्या अंतराने नियमितपणे उलटताना दिसले. हे यश मोठे होते.

तरीही माझा कल उघडपणे लिहिलेल्या प्रतिमानाकडे आहे, आणि त्याचे कारण एका गुणोत्तरात आहे. द्रायूची श्यानता आणि त्याचे चुंबकीय विसरण यांचे गुणोत्तर, म्हणजे चुंबकीय प्रांटल अंक, सूर्याच्या अंतरंगात एकापेक्षा हजारो-लाखो पटींनी लहान असतो, द्रव सोडिअममध्ये तो एक लाखांशाच्या घरात असतो, तर विरळ आंतरतारकीय वायूत तो एकापेक्षा प्रचंड मोठा असतो. पद्धतीच्या अंगचा निचरा मात्र वेग आणि क्षेत्र या दोहोंना साधारण सारखाच लागतो, म्हणजे प्रांटल अंक नकळत एकाच्या जवळ धरला जातो. लहान मापावरचा डायनामो सुरू होणार की नाही, हे याच अंकावर बरेच अवलंबून असते. लिहिलेले प्रतिमान चुकीचे असले तर त्यावर बोट ठेवता येते. न लिहिलेल्या प्रतिमानाची चूक शोधायलाच आधी वर्ष जाते.

पृथ्वीच्या गाभ्याचे उदाहरण येथे चपखल आहे. तेथे वितळलेले लोखंड सेकंदाला मिलिमीटरच्या काही दशांशाने सरकते. त्यावरून वेगाचा रेनल्ड्स अंक १०० कोटींच्या घरात येतो, पण चुंबकीय रेनल्ड्स अंक (श्यानतेऐवजी चुंबकीय विसरण धरून काढलेला) केवळ हजाराच्या आसपास. म्हणजे क्षेत्राचे बारीक तपशील आजच्या जाळीत मावतात, वेगाचे मावत नाहीत. १९९५ मध्ये गॅरी ग्लाट्झमायर आणि पॉल रॉबर्ट्स यांनी ध्रुव उलटताना दाखवणारे पहिले प्रसिद्ध सिम्युलेशन केले, तेव्हा लहान मापांवर वाढत जाणारी कृत्रिम श्यानता व विसरण त्यांना सरसकट वापरावे लागले, आणि त्यावर पुढे रास्त टीकाही झाली. ज्युलिअँ ओबेर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हीच युक्ती फक्त वेग आणि तापमान यांच्या लहान मापांना लावली, क्षेत्राला हात लावला नाही. कोठे प्रतिमान हवे आणि कोठे नको, हे त्या द्रायूच्या अंकांवरून ठरवल्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

प्रश्न (अमरावतीची बी.एस्सी.ची विद्यार्थिनी) : महासंगणक नसताना यातले काही स्वतः करून पाहता येईल का?

उत्तर : होय, साध्या लॅपटॉपवर. स्टीव्हन ऑर्झाग आणि चा-मेई तांग यांनी १९७९ मध्ये दोन मितींतील एक चुंबकीय भोवरा अभ्यासासाठी मांडला. तो आजही नव्या प्रोग्रामची पहिली चाचणी म्हणून वापरतात. त्याची सुरुवात केवळ काही साइन फलनांनी लिहिता येते. १०२४ गुणिले १०२४ घरांच्या जाळीवर तो सोडवा आणि विद्युत्प्रवाहाचे पातळ पापुद्रे तयार होताना पाहा. मग उत्तर आठपट जाड चाळणीतून चाळून १२८ गुणिले १२८ वर आणा आणि चाळणीच्या मापाखालच्या भोवऱ्यांकडे जाणाऱ्या ऊर्जेचा ओघ प्रत्येक बिंदूवर मोजा. एकूण ओघ खाली जाणारा असला, तरी अनेक बिंदूंवर त्याचे चिन्ह उलटे दिसेल. नागपूरच्या विद्यार्थ्याला दिलेले उत्तर तुम्हाला स्वतःच्या पडद्यावर तपासता येईल. त्यानंतर १२८च्या जाळीवर स्मॅगोरिन्स्कीचे सूत्र बसवून तेच गणित पुन्हा चालवा आणि पापुद्रे किती जाड झाले ते मोजा.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. याकोव्ह झेल्डोविच यांनी १९५७ मध्ये सिद्ध केले, की निव्वळ दोन मितींच्या प्रवाहात डायनामो टिकू शकत नाही. शिवाय मळसूत्री पीळही तेथे नसतो आणि त्याच्या जागी चुंबकीय विभवाचा (ज्याच्या बदलावरून क्षेत्र काढता येते त्या राशीचा) वर्ग लहानाकडून मोठ्याकडे जातो. म्हणून या चाचणीत उत्तम ठरलेले प्रतिमान डायनामोसाठीही उत्तम आहे, असा निष्कर्ष त्यातून काढता येणार नाही. त्यासाठी तिसरी मिती लागेल, आणि ६४च्या घनाइतकी जाळी लॅपटॉपवर रात्रभरात चालू शकते.